घरच्या सर्व्हरचा निरोप

घरात चोवीस तास चालू असणारा छोटा सर्व्हर, मग तो रास्पबेरी पाय असो, जुना लॅपटॉप असो की चार डिस्कांची साठवणपेटी, बरीच कामे मुकाट्याने करत असतो. फोटो सांभाळतो, रात्री बॅकअप घेतो, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवतो, दिवे आणि पंप चालवतो. यातले काही बिघडले की त्याची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच क्षणी होते. पण लॉग कोणी रोज उघडून वाचत नाही. एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्कांपैकी एक बंद पडली, तर दुसरीवर सगळे काम सुरळीत चालू राहते आणि घरात कोणालाच पत्ता लागत नाही. दुसरी डिस्क जाते तेव्हा पहिली कधी गेली हे कळून उपयोग नसतो. म्हणून बिघाडाची खबर आपण होऊन माणसापर्यंत पोहोचणे, म्हणजेच पुश नोटिफिकेशन, हा घरच्या सर्व्हरचा आवश्यक भाग आहे. ही खबर पोहोचवणारी सेवाही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते.

सर्व्हरच्या खबरांसाठी सर्वांत जुना मार्ग ई-मेलचा. तो आजही चालतो. पण घरगुती जोडणीवरून थेट मेल पाठवणे अवघड झाले आहे. अनेक इंटरनेट कंपन्या स्पॅम रोखण्यासाठी पोर्ट 25 बंद ठेवतात आणि मोठ्या मेलसेवा अनोळखी घरगुती पत्त्यावरून आलेले पत्र सरळ स्पॅममध्ये टाकतात. एखाद्या मेलसेवेच्या खात्यातून पाठवले तर पत्र पोहोचते, पण ते शंभर जाहिरातींच्या रांगेत जाऊन बसते. भारतात एसएमएसचा मार्ग तर जवळजवळ बंदच आहे. ट्रायच्या 2018 च्या नियमांनंतर, यंत्राकडून मोठ्या प्रमाणावर जाणाऱ्या संदेशांसाठी पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा दोन्ही आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदवहीत नोंदवावे लागतात. ही व्यवस्था बँका आणि दुकानांसाठी आहे. एका घरातल्या एका डिस्कसाठी ती कोणी करणार नाही. टेलिग्रामचा बॉट पाच मिनिटांत तयार होतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. मात्र बॉटशी होणारे संभाषण टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसते. घराचा दरवाजा कधी उघडला आणि घरात कोणी नाही असे कधी झाले, याची पूर्ण यादी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जमा होत राहते.

संदेश पाठवणे हे काम सोपे आहे. अवघड आहे ते फोनने तो ऐकणे. फोनला स्वतःचा कायमचा पत्ता नसतो. तो घरच्या वायफायवरून मोबाइल नेटवर्कवर जातो, बोगद्यात संपर्क गमावतो, बॅटरी वाचवण्यासाठी झोपतो. बाहेरून त्याला गाठता येत नाही. त्यामुळे फोनने स्वतः कुठल्या तरी सर्व्हरशी जोडणी उघडायची, ती उघडीच ठेवायची आणि संदेश आला की तो त्याच वाटेने खाली उतरायचा, हाच एक व्यवहार्य उपाय उरतो. फोनवरच्या प्रत्येक ॲपने अशी वेगळी जोडणी धरली तर रेडिओ सतत जागा राहील आणि बॅटरी दुपारीच संपेल. म्हणून फोनची कार्यप्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांनी एकच सामायिक जोडणी ठेवली. ॲपलने 2009 मध्ये आयफोनच्या कार्यप्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर स्वतःची पुश सेवा सुरू केली. गूगलने 2010 मध्ये अँड्रॉइड 2.2 सोबत तशीच सेवा आणली; 2012 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये तिचे नाव बदलले आणि आज ती फायरबेस क्लाउड मेसेजिंग म्हणून ओळखली जाते.

या रचनेमुळे बॅटरी वाचली, पण जगातल्या बहुतेक सूचना दोन कंपन्यांच्या दारातून जाऊ लागल्या. मजकूर कूटबद्ध असला तरी कोणत्या फोनवर, कोणत्या ॲपची सूचना, किती वाजता गेली ही माहिती त्या दाराशी उरते. अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांनी डिसेंबर 2023 मध्ये त्या देशाच्या न्याय विभागाला लिहिलेल्या पत्रातून हे उघड झाले, की सरकारे ॲपल आणि गूगलकडून हीच माहिती मागवत होती आणि त्याबद्दल बोलण्याची या कंपन्यांना मुभा नव्हती. त्यानंतर ॲपलने अशी माहिती देण्यासाठी न्यायाधीशांच्या आदेशाची अट घातली. स्वतःची सूचनासेवा चालवण्याचा खरा अर्थ या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो: ती उघडी जोडणी कोणाकडे असावी, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे घेणे.

यासाठी खूप वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे नोटिफाय. इंग्रजीत ते एन-टी-एफ-वाय या चार अक्षरांनी लिहितात. फिलिप हेकेल यांनी ते गो या भाषेत लिहिले. त्याचा संपूर्ण सर्व्हर ही एकच फाइल आहे. रास्पबेरी पायवर ती सहज चालते आणि वेगळ्या डेटाबेस सर्व्हरची गरज लागत नाही. त्याची रचना फार साधी आहे. प्रत्येक निरोपाला एक विषय असतो, म्हणजे वेब पत्त्याच्या शेवटी लिहिलेला एक शब्द, जसे ‘बॅकअप’ किंवा ‘टाकी’. त्या पत्त्यावर कोणीही साधी वेब विनंती पाठवली की तिच्यातला मजकूर हाच निरोप. तो विषय ज्या फोनवर लावून ठेवला आहे, त्या प्रत्येक फोनवर तो उमटतो. बहुतेक लिनक्स यंत्रांवर असलेल्या ‘कर्ल’ या आज्ञेने एका ओळीत हे होते, आणि त्यामुळेच पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेली स्क्रिप्टही तिच्या शेवटी एक ओळ घालून बोलती करता येते. सॉफ्टवेअर किती चांगले आहे हे ठरवताना हा साधेपणा सर्वांत वर धरायला हवा, कारण बिघाडाची खबर देणारी गोष्ट स्वतःच गुंतागुंतीची असेल तर ती नेमक्या वेळी अडते.

निरोपाला शीर्षक देता येते, 1 ते 5 असे महत्त्व देता येते, आणि तीनपर्यंत बटणे जोडता येतात. ‘पंप बंद कर’ हे बटण दाबले की फोन घरच्या सर्व्हरला उलट विनंती पाठवतो. मराठीत निरोप लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, नोटिफायमध्ये निरोपाची मूळ मर्यादा 4096 बाइटची आहे. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेते आणि मात्रा, अनुस्वार, वेलांटी ही चिन्हे वेगळी मोजली जातात. म्हणून साधारण 1365 चिन्हांनंतर निरोप मजकूर राहत नाही. सर्व्हरवर जोडपत्रांची सोय चालू केली असेल तर तो जोडलेली फाइल म्हणून पोहोचतो. बिघाडाच्या खबरेला एवढी जागा भरपूर आहे, पण पूर्ण लॉग चिकटवणाऱ्याला ती पुरत नाही. दुसरी गोष्ट, शीर्षक हे वेब विनंतीच्या हेडरमधून जाते आणि काही जुन्या साधनांना हेडरमधली देवनागरी झेपत नाही. अशा वेळी सगळा निरोप जेसनच्या रूपात पाठवला की शीर्षकाची अक्षरे फुटत नाहीत.

नोटिफायला पर्याय म्हणून गॉटिफाय आहे. तेही गो भाषेतले, मुक्त आणि हलके आहे. त्यात विषयांऐवजी प्रत्येक पाठवणाऱ्या ॲपला वेगळा टोकन मिळतो आणि निरोप पुसेपर्यंत सर्व्हरवर राहतो, त्यामुळे जुन्या खबरांचे दप्तर म्हणून ते अधिक चांगले. आयफोनसाठी मात्र त्याचे अधिकृत ॲप नाही. घरात सगळे अँड्रॉइड वापरत असतील आणि सहा महिन्यांचा इतिहास हवा असेल तर गॉटिफाय घ्यावे. बाकी बहुतेकांना नोटिफाय बरे पडते.

सर्व्हर कुठे बसवायचा हा यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि बरेच जण तो विचार न करता घेतात. सेवा घरातच ठेवली, तर इंटरनेट गेलेले असतानाही घरातली यंत्रे तिला निरोप देऊ शकतात. ती तो साठवते आणि जोडणी परत आली की फोन मागचे सगळे निरोप ओढून घेतो. निरोप उशिरा येतो, पण हरवत नाही. मात्र इंटरनेट गेले आहे किंवा राउटर बॅटरीवर नसताना वीज गेली आहे, हीच खबर असेल, तर ती घरातून बाहेर पडूच शकत नाही. सेवा भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर बाहेर ठेवली तर उलटे होते: ती नेहमी जागी आणि फोनला नेहमी दिसणारी असते, पण घराचे इंटरनेट बंद असताना पाठवलेला निरोप तिच्यापर्यंत जात नाही आणि पाठवणाऱ्या स्क्रिप्टने पुन्हा प्रयत्न केला नाही तर तो कायमचा हरवतो. दोन्हींची तुलना करता, जिथे परवडेल तिथे सेवा घराबाहेर ठेवणे आणि स्क्रिप्टमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याची सोय घालणे अधिक शहाणपणाचे. घरावर लक्ष ठेवणारी यंत्रणा त्याच घराच्या विजेवर अवलंबून असू नये.

भारतातल्या घरांसाठी याला आणखी एक कारण आहे. आयपीव्ही4 पत्त्यांच्या टंचाईमुळे बऱ्याच इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर ते घर सीजीनॅटच्या मागे आहे आणि राउटरवर पोर्ट उघडून काही साध्य होणार नाही. मग वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखे खासगी जाळे, बाहेरून आत येणारा बोगदा, नाहीतर कंपनीला जादा पैसे देऊन घेतलेला स्थिर पत्ता, हे प्रमुख मार्ग राहतात. खासगी जाळ्यात सेवा ठेवली तर ती जगाला दिसत नाही, हा मोठा फायदा. पण फोनवर ते जाळे सतत चालू ठेवावे लागते, आणि घरातली वडीलधारी माणसे ते कधीतरी चुकून बंद करतातच.

सेवा जगाला दिसत असेल तर तिच्यासमोर कॅडी किंवा एनजिनएक्ससारखा दारावरचा सर्व्हर ठेवून त्यावर एचटीटीपीएस चालू करावे. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते आणि कॅडी ते स्वतः घेते व वेळेवर बदलते. एनजिनएक्स वापरताना तीन गोष्टी हमखास राहून जातात. बफरिंग बंद नसेल तर निरोप दारातच अडून राहतात. वाचनाची कालमर्यादा कमी असेल तर उघडी जोडणी वारंवार तुटते. नोटिफाय दर 45 सेकंदांनी जोडणी जिवंत असल्याची खूण पाठवते, मर्यादा त्याहून बरीच मोठी हवी. तिसरी गोष्ट फारच फसवी आहे. आपण दारामागे बसलो आहोत हे नोटिफायला सेटिंगमध्ये सांगितले नाही, तर त्याला सगळे पाहुणे एकाच पत्त्यावरून येताना दिसतात. एका पाहुण्यासाठीची मूळ मर्यादा 60 विनंत्यांची असते आणि त्यानंतर दर 5 सेकंदांना एक मिळते. सगळ्या घराची यंत्रे आणि फोन मिळून ती मर्यादा संपवतात, मग निरोप नाकारले जातात आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

सुरुवातीला नोटिफाय सर्वांना खुले असते: विषयाचे नाव ज्याला माहीत, तो वाचूही शकतो आणि लिहूही शकतो. नोटिफायच्या सार्वजनिक सेवेवर म्हणूनच विषयाचे नाव पासवर्डसारखे अवघड ठेवावे लागते. स्वतःच्या सर्व्हरवर हे चालू देऊ नये. मूळ प्रवेश ‘सर्वांना नकार’ असा करावा आणि मग प्रत्येकाला नेमके हवे तेवढेच द्यावे. बॅकअपच्या स्क्रिप्टला फक्त ‘बॅकअप’ या विषयावर लिहिण्याची परवानगी, फोनला फक्त वाचण्याची. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड न लिहिता टोकन लिहावा, म्हणजे तो फुटला तर एकटा रद्द करता येतो. नोटिफाय निरोप टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध करत नाही. सर्व्हर ज्याच्या हाती त्याला ते वाचता येतात. सर्व्हर स्वतःचाच असला तरी निरोप फोनच्या कुलूपबंद पडद्यावरही दिसतो, म्हणून त्यात पासवर्ड, दरवाज्याचा कोड किंवा घर रिकामे असल्याचा उल्लेख असू नये.

अँड्रॉइडवर ही साखळी पूर्णपणे आपल्या हाती राहते. नोटिफायचे ॲप स्वतःच्या सर्व्हरशी थेट जोडणी धरते. एफ-ड्रॉइडवरून घेतलेल्या आवृत्तीत तर गूगलच्या पुश सेवेचा कोडच नाही. अडथळा येतो तो बॅटरीच्या नियमांचा. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून, फोन पडून असला आणि चार्जिंगला नसला की तो डोझ नावाच्या गाढ झोपेत जातो आणि ॲपचे नेटवर्क तोडतो. नोटिफायला बॅटरीच्या बंधनातून सूट दिली तर जोडणी टिकते. काही कंपन्यांचे फोन याच्याही पुढे जाऊन मागे चालणारी ॲप मारून टाकतात. तिथे ‘आपोआप सुरू होऊ द्या’ यासारखे आणखी एखादे सेटिंग शोधून चालू करावे लागते. पहाटे गेलेला निरोप फोन हातात घेतल्यावर सकाळी येत असेल, तर दोष बहुधा इथेच असतो.

अँड्रॉइडवर एकदा ही जोडणी उभी राहिली की ती इतर ॲपनाही वापरता येते. युनिफाइडपुश हे त्यासाठीचे खुले मानक आहे. फोनवरचे एक ॲप, उदाहरणार्थ नोटिफाय, सगळ्यांच्या वतीने जोडणी धरते आणि ज्या ॲपांनी हे मानक स्वीकारले आहे ती आपल्या सूचना तिच्यातून घेतात. मॅट्रिक्सवर गप्पा मारण्याचे एलिमेंट आणि मॅस्टोडॉनसाठीचे टस्की ही त्यातली ओळखीची नावे. गूगलच्या सेवा काढून टाकलेल्या फोनवर यामुळे सूचना परत मिळतात, आणि बॅटरीवर पडणारा भार एकाच जोडणीचा राहतो.

आयफोनवर असे होत नाही. मागे पडलेल्या ॲपला स्वतःची जोडणी धरू द्यायची नाही, हा ॲपलचा नियम आहे. झोपलेल्या आयफोनला उठवण्याचा मार्ग ॲपलच्या पुश सेवेतूनच जातो आणि त्यासाठी ॲप बनवणाऱ्याच्या किल्ल्या लागतात. नोटिफायने यावर काढलेला तोडगा मात्र दाद द्यावी असा आहे. घरचा सर्व्हर निरोप स्वतःजवळच ठेवतो आणि नोटिफायच्या मुख्य सार्वजनिक सर्व्हरला केवळ एक इशारा पाठवतो. त्यात विषयाच्या पूर्ण पत्त्याचा एसएचए-256 ठसा आणि निरोपाचा क्रमांक असतो, मजकूर नसतो. तो इशारा गूगल आणि ॲपलच्या वाटेने आयफोनला उठवतो आणि मग फोन स्वतः घरच्या सर्व्हरकडे येऊन खरा निरोप घेऊन जातो. सेटिंगमध्ये या वरच्या सर्व्हरचा पत्ता द्यावा लागतो. ठसा पत्त्यावरून काढला जात असल्याने सर्व्हरने स्वतःचा म्हणून नोंदवलेला पत्ता आणि फोनमध्ये भरलेला पत्ता अक्षरशः सारखे हवेत; त्यांत थोडाही फरक पडला तर ठसा जुळत नाही आणि फोन उठत नाही. मजकूर घरात राहतो, पण सूचना कधी आली ही खूण बाहेर जाते. आयफोन वापरणाऱ्यांना एवढी तडजोड स्वीकारावीच लागते.

खबरा जमवण्याचे काम त्यामानाने हलके आहे, कारण बहुतेक साधनांत त्याची जागा आधीच ठेवलेली असते. डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा स्मार्टडी, डिस्कांच्या जोड्या सांभाळणारा एमडीॲडम, यूपीएसशी बोलणारा नट, हे सगळे घटना घडली की ठरवून दिलेली स्क्रिप्ट चालवतात. सिस्टमडी एखादी सेवा कोसळली की दुसरी सुरू करू शकते. त्या प्रत्येक जागी कर्लची एक ओळ पुरते. होम असिस्टंट आणि अपटाइम कुमा यांना नोटिफाय थेट ओळखता येते. लाइट गेल्याची खबर हवी असेल तर सर्व्हरबरोबर फायबरचा डबा आणि राउटर हेही बॅटरीवर असले पाहिजेत. ही गोष्ट उघड वाटते, तरी बऱ्याच घरांत यूपीएसला फक्त संगणक जोडलेला असतो.

सगळ्यांत मोठी पोकळी राहते ती न आलेल्या निरोपाची. बॅकअप फसला की निरोप येईल अशी व्यवस्था केली आणि बॅकअप सुरूच झाला नाही, तर फसल्याचा निरोपही येत नाही आणि शांततेचा अर्थ सगळे ठीक असा घेतला जातो. रात्री गस्त घालणाऱ्या गुरख्याची शिट्टी हेच सांगत असते: ती ऐकू येणे म्हणजे सर्व ठीक, थांबणे हीच खबर. त्या धर्तीवर प्रत्येक काम यशस्वी झाले की त्याने घराबाहेरच्या एका पहारेकऱ्याला हजेरी द्यावी आणि ठरलेल्या वेळेत हजेरी लागली नाही तर पहारेकऱ्याने फोनला कळवावे. हेल्थचेक्स हे मुक्त सॉफ्टवेअर हेच काम करते. ते तयार सेवा म्हणूनही मिळते आणि स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येते. ते घरच्याच यंत्रावर चालवण्यात मात्र अर्थ नाही, कारण यंत्राबरोबर तेही गप्प होते.

निरोपांचा पूर आला की ते वाचले जात नाहीत, हे रुग्णालयांतल्या अतिदक्षता विभागांपासून कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांपर्यंत सगळीकडे दिसून आले आहे. घरातही तेच होते. रोजचा बॅकअप यशस्वी झाला ही बातमी फोनवर यायला नको. ती हजेरीत जावी. आवाज न करणारे पहिले महत्त्व आठवड्याच्या अहवालाला, मधले तिसरे महत्त्व आज-उद्या बघायच्या गोष्टींना, आणि पाचवे फक्त आत्ता उठून काही करायला लागेल अशा घटनेला: पाणी गळणे, धूर, डिस्क जाणे. अँड्रॉइडवर पाचव्या महत्त्वाच्या निरोपाला ‘व्यत्यय नको’ ओलांडून वाजण्याची मुभा देता येते, आणि ती इतर कशालाही देऊ नये.

नोटिफाय निरोप मुळात 12 तासच साठवते. लांबचा विमानप्रवास किंवा रेंज नसलेल्या डोंगरातले दोन दिवस गेले की मधले निरोप हातचे जातात, म्हणून ही मुदत आठवडाभर करून ठेवावी. जागा नगण्य लागते. प्रमाणपत्राची मुदत, सर्व्हरवरची अद्ययावत आवृत्ती आणि नवा फोन घेतल्यावर पुन्हा द्यावी लागणारी बॅटरीची सूट, एवढी देखभाल कायमची राहते. सेवा बसवल्यावर यूपीएसची वायर भिंतीतून काढून, बॅकअपची डिस्क मुद्दाम अलग करून आणि राउटर दहा मिनिटे बंद ठेवून तिन्ही निरोप खरोखर येतात का हे पाहावे, आणि ही चाचणी दर काही महिन्यांनी पुन्हा करावी.